मूच्चुची पुसलेली काच

१

कृष्णाजी आप्पा आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या दुपारी गेले, आणि दोन दिवसांनी त्यांच्या मरणाचा रिपोर्ट लिहायचं काम दिव्यश्रीच्या गळ्यात पडलं.

ती ना डॉक्टर, ना पोलीस. कंपनीत तिचं काम एकच. नवा स्क्रीन तयार झाला की तो घेऊन कुणा म्हाताऱ्यासमोर बसायचं, आणि त्याचं बोट कुठे अडतं ते बघायचं. कंपनी घरी वापरायचं ऑक्सिजनचं यंत्र बनवायची. नाव 'मूच्चु', म्हणजे तमिळमध्ये श्वास. हवेतून ऑक्सिजन काढायचं आणि नळीनं नाकात सोडायचं. वर एक टचस्क्रीन. फुप्फुसं खलास झालेल्या माणसाला तेवढाच आधार.

"अपडेट चालू असताना गेले," वासुकी मॅडम म्हणाल्या. त्या कंपनीच्या मॅनेजर. त्यांच्या मॉनिटरच्या कपाळावर अजून आयुधपूजेचा टिळा होता, चंदन आणि कुंकू, सुकून तडकलेला. "अपडेटच्या वेळी यंत्र थांबतं. आधी पेशंटला सिलिंडर लावायचा. बाजूला सिलिंडर होता, नर्सनं, त्या कनकलतानं, लावला नाही आणि 'ठीक' दाबून मोकळी झाली. मुलानं तशी तक्रार दिलीय. तू जा, त्याची सही घे, संध्याकाळपर्यंत रिपोर्ट दे. इन्स्पेक्टरबाई त्याच्याचसाठी थांबल्यात."

"रिपोर्ट दिला की नर्सचं काय?"

"अटक. आणखी काय?"

"मीच का जायचं, मॅडम?"

"तू रायर ना. तेही रायर. तुमची ती मराठी बोला, चटकन सही होईल."

तंजावरात मराठी घरांना रायर म्हणतात. दिव्यश्रीला त्याचं काही नव्हतं. तिला खटकलं ते वेगळंच. तिनं तपासलेल्या स्क्रीनवर नुसतं 'ठीक' दाबून अपडेट सुरूच होत नव्हता. आधी यंत्र विचारायचं, सिलिंडर लावला का? 'हो' म्हटलं, की बटण दाबून धरायला लावायचं. आणि कनकलतासारखी मुरलेली नर्स या दोन्ही पायऱ्या डोळे मिटून चढली असेल?

"मॅडम, स्क्रीन तोच आहे ना? मी तपासला तो?"

वासुकी मॅडमनी फोन उचलून कानाला लावला. फोन वाजलाच नव्हता.

२

मेल वीथीतलं, म्हणजे पश्चिमेच्या रस्त्यावरचं, आप्पांचं घर. नवरात्रातली कोलूची पायऱ्यांवरची बाहुल्यांची रांग तशीच होती, वरून पांढरी चादर टाकलेली. सुतक लागल्यावर ती उतरवायला कुणाचा हात धजला नव्हता. आयुधपूजेनंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा पूजा करून, टिळे पुसून, मग हत्यारं वापरायला काढतात. तीही राहिली होती. त्यामुळे घरात जिथं तिथं टिळे. शिलाई मशीनवर, मिक्सरवर, अडकित्त्यावर, दारातल्या मोपेडवर, आप्पांच्या चाकाच्या खुर्चीवर. सगळं घर कपाळ भरून बसलेलं, आणि सुतकामुळे घरातल्या सवाष्णीचं कपाळ मात्र रिकामं.

तुळजाराम वीज मंडळात इंजिनिअर. कर्ता मुलगा म्हणून डोक्यावर वस्तरा फिरलेला, अंगावर ओलं धोतर.

"ये ग. कुणाची तू?"

"करंतैच्या भुवनेश्वरीची मुलगी, मामा."

"हां हां. बस. सही ना? आण इकडे."

"आधी काय झालं ते सांगता का? तुमच्या तोंडून."

त्यानं कागदावरून नजर काढली नाही. "काय सांगायचं? मी आप्पांच्या खोलीच्या दारात उभा. यंत्र चालू होतं. त्या बाईनं स्क्रीनवर बोट ठेवलं, यंत्र बंद. मी बघितलं."

"तुम्ही ओरडला नाहीत?"

"मला काय माहीत ती काय दाबते? नर्स कोण, ती का मी?"

तेवढ्यात आतून त्याची बायको आली. अंबा मामी. चाळिशी ओलांडलेली, डोळे रडून रडून बारीक झालेले. सुनेनं सासऱ्याचं पाच वर्षं केलं, पोटच्या पोरीनं करणार नाही असं, हे सगळी वीथी सांगे.

"तू ऑक्सिजनच्या कंपनीतली? चांगलं यंत्र हो. बिचाऱ्याचा दोष नाही." तिनं पदर डोळ्याला लावला. "त्या दिवशी सगळं किती चांगलं झालं होतं. आप्पांनी चार घास पायसम खाल्लं, डोळा लागला. दृष्ट काढायची म्हणून हे रस्त्यावर भोपळा फोडायला गेले. कुंकू घातलेला भोपळा फुटला, त्याचा आवाज, आणि मागोमाग कनकलताची किंकाळी. मला वाटलं भोपळ्यालाच घाबरली."

तुळजाराम एकदम म्हणाला, "अंबा, आत जा. पिंडाच्या तांदळाचं बघ."

ती गेली. दिव्यश्रीनं सहीचा कागद पिशवीत परत घातला. "यंत्र बघू का, मामा?"

आप्पांच्या खोलीत पलंग उभा करून भिंतीला लावला होता. कोपऱ्यात मूच्चु. अंगावर दोन दिवसांची धूळ, चाकांत केस अडकलेले. आणि काच? काच लखलखत होती. वाकून पाहिलं तर स्पिरिटचा वास. कुणीतरी तेवढीच एक गोष्ट या घरात घासून पुसून लख्ख केली होती.

३

कनकलता पोलीस स्टेशनच्या व्हरांड्यात बाकड्यावर बसली होती. ओरत्तनाडूहून सकाळी बसनं यायचं, बसायचं, सांगतील तेव्हा जायचं. पन्नाशीची बाई, सुती साडी, हातात डबा. डबा उघडलेलाच नव्हता.

"कंपनीची का, मा? काय लिहिणार माझ्याबद्दल?"

"अजून लिहिलं नाही."

"लिहून टाका. माझी मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आईच्या हातून पेशंट मेला म्हटल्यावर तिला कोण उभं करेल? तेवढं मनात धरून लिहा."

दिव्यश्री बाजूला बसली. "मला सांगा. अगदी सुरुवातीपासून."

"सकाळपासून त्या काचेवर हिरवी पाटी येत होती. नवीन अपडेट आलाय म्हणून. मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, सणाचा दिवस, उद्या बघू. मी हात लावला नाही. आमच्यात म्हणतात, चालत्या वातीला फुंकर घालू नये. दुपारी मामीनं मला हाक मारली. म्हणाल्या, कनका, पान वाढलंय, तू जेव, आप्पांकडे मी बघते. तिकडे पूजेची घंटा वाजत होती. मी जेवून आले..."

ती डब्याच्या झाकणावर नख घासत राहिली.

"मशीन गप्प होतं, मा. त्याची ती घरघर रात्रंदिवस कानात असते, ती नव्हती. काचेवर आलं होतं, झालं, सुरू करायला स्पर्श करा. मी तळहातानंच मारलं काचेवर. सुरू झालं. पण आप्पांचे ओठ निळे."

"अलार्म वाजला नाही?"

"वाजला असता तर मी उष्ट्या हातानं धावले असते."

"काच नंतर तुम्ही पुसलीत का? स्पिरिटनं?"

कनकलतानं प्रथमच तिच्याकडे नीट पाहिलं. "काच? मी त्यांच्या छातीवर दाब देत होते, मा. डॉक्टर येईपर्यंत. मग मला घराबाहेर काढलं. काच कधी पुसू?"

व्हरांड्याच्या टोकाला इन्स्पेक्टरबाई आल्या. "कंपनीवाल्या? सहापर्यंत रिपोर्ट. नंतर मी आहे त्या तक्रारीवर हिला आत घेणार. वरून फोन येतायत."

कुणाचे फोन, ते सांगायला नको होतं. वासुकी मॅडमचा दीर वकील होता, वरपर्यंत ओळखी असलेला.

४

दिव्यश्री स्कूटरपाशी आली आणि श्रीहर्षला फोन लावला. स्क्रीन आखायचा तो. तिच्याएवढाच, शांत, आणि गेले दोन दिवस फोन न उचलणारा. या वेळी उचलला.

"श्रीहर्ष, एकच विचारते. मी तपासलेला स्क्रीन बदललात?"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"बोल रे."

"मॅडम म्हणाल्या, लोक अपडेट करतच नाहीत. पायऱ्या जास्त. सोपं कर. तूच तर लिहिलं होतंस, म्हाताऱ्यांची बोटं थरथरतात, बटणावर नीट पडत नाहीत."

"म्हणून मी लिहिलं की बटण मोठं करा."

"म्हणून मी अख्खा स्क्रीनच बटण केला." तो हे एका दमात म्हणाला. "कुठेही बोट टेकलं की सुरू. 'नंतर' फक्त कोपऱ्यात, बारीक. सिलिंडरचा प्रश्न काढला, त्याची नुसती ओळ ठेवली खाली. बक्षीस मिळालं मला त्याचं. सोप्यात सोपा अपडेट म्हणून."

"आणि अलार्म?"

"अलार्म त्याच सॉफ्टवेअरमध्ये. तेच बदलत असताना वाजणार कसा?"

"कुठेही बोट टेकलं की?" तिनं पुन्हा विचारलं. "चुकून? ओलं बोट?"

"ओलं असलं तर आणखी छान चालतं, दिव्या. तिच्यायला, काय विचारतेस तू?"

ती काय विचारत होती ते तिलाही नीट कळत नव्हतं. तिनं चावी फिरवली. स्कूटरचा काटा हलला. काट्यावरच्या काचेवर, बरोबर मधोमध, तिच्या आईनं लावलेला टिळा होता. हँडलला मोकळी जागा कितीतरी. पण आई काही हँडलला टिळा लावणार नाही. टिळा तोंडाला लावतात. माणूस असो, गाय असो, गाडी असो. तोंड कुठे ते बघायचं, आणि कपाळ शोधायचं.

मूच्चुचं तोंड म्हणजे काच.

त्या घरात अडकित्त्यालासुद्धा टिळा होता. ज्या यंत्रावर घरच्या वडीलधाऱ्याचा श्वास चालला होता, ते एकटंच बिनटिळ्याचं कसं राहील? राहिलं नव्हतं. कुणीतरी तो पुसला होता.

"श्रीहर्ष," ती म्हणाली, "अपडेट थांबव. सगळीकडचा. आत्ता."

"मॅडमना विचारून..."

"ज्या घरांत पूजा झाली त्यांतल्या कितीतरी घरांत टिळे अजून पुसायचेत. फडक्यानं. पुसणारं बोट कुठे टेकेल?"

फोन कटला नाही. कीबोर्डचा आवाज आला. खूप जोरात.

५

तुळजाराम ओसरीवर एकटाच होता. दिव्यश्री समोर बसली आणि आवाज खाली ठेवून बोलली.

"मामा, तुम्ही नर्सला बोट लावताना पाहिलं म्हणालात. पण तुम्ही तेव्हा रस्त्यावर भोपळा फोडत होता. मामीच म्हणाल्या."

"ती रडतेय. तिला काय आठवतं?"

"ठीक. मग हे सांगा. घरातल्या सगळ्या यंत्रांना टिळा, मूच्चुला नाही, असं का? काच स्पिरिटनं कुणी पुसली? नर्सला तर तुम्ही घराबाहेर काढलं होतं. कंपनीकडून मीच पहिली आले. मामींनी पुसली असती तर सगळं यंत्र पुसलं असतं, बाई अर्धवट पुसत नाही. ज्यानं पुसली त्याला एक डाग तेवढा घालवायचा होता."

त्यानं डोक्यावरून हात फिरवला, आणि तिथं केस नाहीत हे नव्यानं कळल्यासारखा हात खाली घेतला.

"तुम्ही इंजिनिअर. आत आलात, काचेच्या मधोमध फिस्कटलेलं चंदन बघितलंत आणि त्याच क्षणी कळलं. तुम्हांला एकट्यालाच."

"हळू बोल," तो म्हणाला. "हळू बोल, तुझ्या पाया पडतो. तिला माहीत नाही."

"मामा, ती नर्स..."

"नर्सला जामीन मिळेल. मी वकील देतो, मी खर्च करतो, पोरीचं शिक्षणही मी बघतो. पण हिला कळलं तर ही परसातल्या विहिरीत जाईल. पाच वर्षं त्यांचं गू-मूत काढलं हिनं. सांग, कोणत्या तोंडानं सांगू?"

दिव्यश्रीला त्या क्षणी खरंच वाटलं, गप्प बसावं. सही घ्यावी, घरी जावं. मग बाकड्यावरचा न उघडलेला डबा आठवला.

"काय माहीत नाही मला?"

अंबा मामी दारात उभी होती. हातात तांदळाचं ताट.

"काही नाही. आत जा."

"तुम्ही थांबा हो." तिनं ताट खाली ठेवलं. "दिव्या, तू सांग ग. काय?"

दिव्यश्रीनं सांगितलं नाही. तिनं विचारलं. "मामी, आयुधपूजेला पहिला टिळा कशाला लावलात?"

"पहिला?" मामीला तो प्रश्न आवडलासा वाटला. "आप्पांच्या मशीनला. दुसरा कुणाला लावणार? कनकाला जेवायला बसवलं आणि वाटी घेऊन थेट आत गेले. आप्पा झोपले होते. मशीनच्या तोंडाला ठसठशीत टिळा लावला, वर कुंकू, फूल ठेवलं. म्हटलं, आई, यांचा श्वास तुझ्या हातात, सांभाळ. आणि बाकीच्यांना लावायला बाहेर..."

तिचं बोलणं आपोआप कमी कमी होत गेलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. ती उठली आणि आप्पांच्या खोलीत गेली. दोघं मागे धावली. ती मूच्चुसमोर उभी होती, उजव्या हाताचं मधलं बोट थोडं पुढे केलेलं, आणि त्या लख्ख काचेत स्वतःचं तोंड बघत.

"मी लावला होता," ती म्हणाली. "कुठे गेला?"

तिनं बोट मागे घेतलं.

"ती हिरवी पाटी होती खरी. मला वाटलं, चांगला रंग आहे."

"मामी, तुम्ही मारलं नाही," दिव्यश्री म्हणाली. "टिळा लावला म्हणून माणूस मरेल असा स्क्रीन करणाऱ्यांनी मारलं. आम्ही. मी तसंच लिहिणार आहे."

मामीनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. ती नवऱ्याकडे वळली. "तुम्हांला पहिल्याच दिवशी कळलं?"

"अंबा, तुझ्यासाठीच..."

"आणि तुम्ही कनकाचं नाव दिलं?"

६

सहाला थोडं कमी असताना दिव्यश्रीच्या स्कूटरवर मागे बसून अंबा मामी पोलीस स्टेशनला आली. सुतकातली बाई, केस न विंचरलेले. तुळजाराम आला नाही. कर्त्यानं दहावा होईपर्यंत उंबरा ओलांडायचा नसतो, म्हणाला.

इन्स्पेक्टरबाईंनी सगळं ऐकलं. मामीचा जबाब, दिव्यश्रीचा रिपोर्ट. मध्ये दोनदा दिव्यश्रीचा फोन वाजला, वासुकी मॅडम. तिसऱ्यांदा फक्त मेसेज आला, की उद्यापासून येऊ नकोस. दिव्यश्रीनं तो वाचला आणि फोन पालथा ठेवला.

"कंपनीचं मी बघते," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "पण नर्सचं नाव काढायचं तर तक्रारदारानं स्वतः येऊन सांगायला हवं, की मी पाहिलं नव्हतं. बायकोच्या सांगण्यानं नवऱ्याची तक्रार मागे जात नाही, अम्मा."

मामीनं तिथूनच फोन लावला. व्हरांड्यात, कनकलताच्या समोर. कनकलता भिंतीकडे बघत होती.

"या," मामी म्हणाली. पलीकडून काहीतरी लांबलचक आलं. "सुतक? खोटं बोलताना सुतक आडवं आलं नाही. आता खरं बोलायला येतंय होय?" पुन्हा पलीकडून काहीतरी. "मी विहिरीत जाणार नाही. आधी कोर्टात जाणार आहे, हिच्या बाजूनं. तुम्ही आलात तर बरं, नाही आलात तर मी इथून हिच्याबरोबर ओरत्तनाडूला जाते. पिंड तुमचा तुम्ही शिजवा."

फोन ठेवल्यावर तिनं कनकलताकडे पाहिलं. तोंड उघडलं. माफीचे शब्द बहुधा जिभेवर असतील, पण ते एवढ्याशा व्हरांड्यात मावणारे नव्हते. ती बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. मध्ये डबा.

कनकलतानं इतकंच विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंत?"

"नाही."

"मीपण नाही," ती म्हणाली, आणि डबा काही पुढे केला नाही.

दिवे लागले. रस्त्यावर रिक्षा थांबली. तुळजाराम उतरला, उघडं अंग, धोतर, अनवाणी. भादरलेल्या डोक्यावर ट्यूबलाइट चमकत होती. शिपाई बाजूला सरला, सुतकी माणसाला शिवायला नको म्हणून. तो पायऱ्या चढून वर आला.

पाच वर्षं तो खोलीत आला की कनकलता उभी राहायची. आजही त्याला पाहताच ती सवयीनं उभी राहिली. मग तिच्या लक्षात आलं. तिनं साडी नीट केली, आणि पुन्हा खाली बसली.

इन्स्पेक्टरबाईंनी वही उघडली. तुळजारामनं इकडे तिकडे पाहिलं. बाकड्यावर दोघींच्या मध्ये जागा होती, पण कुणी डबा उचलला नाही.

तो उभ्यानंच बोलायला लागला.